लाल गाडीची चतुःसीमा

काका सेकंडहँड मोटरसायकल बघायला गेले की मोटरसायकलकडे बघायचे नाहीत. आधी शेजारी बघायचे.

मी त्यांच्याबरोबर गाड्या बघत एक अख्खा हिवाळा आणि वर उन्हाळा घालवलाय, त्यामुळे हे ऐकीव नाही. विकणारा बिचारा गाडी धुऊनपुसून, चेनला वंगण लावून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा असायचा. काका त्याला नमस्कार करायचे, डोक्यावरची पांढरी टोपी सारखी करायचे आणि विचारायचे, "पूर्वेला कोण हाय?"

त्याला वाटायचं, म्हातारा वास्तुशास्त्रवाला दिसतोय.

काका भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. मूळचे पासलीचे. भोर-वेल्ह्याच्या डोंगरात असं भातखाचर नसेल ज्याच्या बांधावर ते दुर्बीण लावून वाकले नाहीत. मोजणीची रीत अशी, की ज्याची जमीन मोजायची त्याच्या चारी बाजूंच्या शेजाऱ्यांना, म्हणजे लगतवाल्यांना, बांधावर बोलवायचं, त्यांचा जबाब घ्यायचा आणि मगच हद्दीचा दगड रोवायचा. निवृत्त होताना काकांनी दुर्बीण खात्यात जमा केली. रीत मात्र घरी आणली.

"मालकाला इकायचं असतं," ते म्हणायचे. "कागद मालकाच्या खिशात असतो. लगतवाल्याचा काय हितसंबंध न्हाई, म्हणून त्यो खरं बोलतो. चौघांचा जबाब एक आला की हद्द कायम."

या नियमाने त्यांनी दूधवाला निवडला, सून निवडली. कवळी बसवायला एका डॉक्टरकडे गेले, तर दवाखान्याच्या पश्चिमेला फुलहारवाला निघाला. त्याचा जबाब न घेताच काका परतले आणि पुढे कायम डाव्या बाजूने जेवले.

मी त्यांची पूर्वेची लगतवाली. भोरात माझं औषधाचं दुकान आहे, वर घर, आणि आमच्या भिंतीला काकांची भिंत. मला लहानपणापासून ओळखतात, पण मी गाडी शोधायला लागले त्या दिवसापासून माझं नाव गेलं आणि मी "अर्जदार" झाले. "अर्जदार, सकाळी लवकर निघू." अर्ज कुणी कुणाकडे केला होता, देव जाणे.

त्यांची स्वतःची गाडी लाल होती. साडेसहाशे सीसी, दोन सिलिंडर, पुढून काचेचं नाक, आणि हँडल इतकं खाली की बसणाऱ्याची छाती टाकीला लागावी. निवृत्तीला ऑफिसने शाल आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. पुढच्याच आठवड्यात काका साताऱ्याकडे गेले. काकूंना वाटलं, देवदर्शनाला गेलेत. तिकडे एका गाडीच्या चारी शेजाऱ्यांनी एकच जबाब दिला होता, "गाडी सोनं हाय, माणूस बेकार." काकांनी सोनं घेतलं आणि माणसाला चहासुद्धा विचारला नाही.

काकूंनी गाडी ओवाळली, हेडलाइटला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "पडायचंच असलं तर सरकारी दवाखान्याच्या अलीकडं पडा. पलीकडं पडलात तर आणणार कोण?"

सगळ्या भोराने विचारलं, या वयात हे काय? काका शांतपणे सांगायचे, "जन्मभर वाकून दुर्बिणीत बघितलं. पाठ वाकलेलीच हाय. या गाडीवर सरळ पाठीच्या माणसाचं काम न्हाई."

वर्षातून एकदा ते कोल्हापूरकडच्या शर्यतीच्या ट्रॅकवर जायचे. मी माझी जुनी दोनशे सीसीची गाडी घेऊन एकदा त्यांच्याबरोबर गेले, आणि तिथेच माझं डोकं फिरलं. काकांचा कातडी सूटही सेकंडहँडच, कोपरावर ठिगळ लावलेला. छातीच्या खिशात पांढरी टोपी घडी करून. हेल्मेट काढलं की केस दिसायच्या आत टोपी डोक्यावर. ट्रॅकवर इंडिकेटरला चिकटपट्टी लावायचा नियम आहे, म्हणून काका प्रत्येक वळणाआधी हात दाखवून वळत होते. मागची पोरं गुडघे जमिनीला टेकवत येत होती, ती आधी हसली, मग वैतागली. दुपारपर्यंत त्यांतले एकदोघे हात दाखवायला लागले. पांढरी रेघ काकांनी दिवसभरात एकदाही ओलांडली नाही. "हद्द हाय ती," म्हणाले.

तर मला तशी गाडी हवी होती. सोमवारी दुकान बंद असलं की वरंधा घाटातून महाडला जाता यावं आणि सवड मिळाली की ट्रॅकवर नेता यावी, अशी एकच. ट्रॅकवर शोभणारी गाडी भोरच्या बाजारपेठेत तापून पाय भाजते आणि बाजारात शहाणी असणारी ट्रॅकवर म्हशीसारखी बसते. दोन्हीकडे नांदणारी हवी, वर सेकंडहँड, वर न आपटलेली. आईचं म्हणणं होतं की यापेक्षा जावई शोधणं सोपं आहे.

मी काकांना सरळ विचारलं होतं, "तुम्ही कधी विकलीत तर मलाच द्या."

"लगतवाल्याला इकायची न्हाई," ते म्हणाले. "म्या बघितलंय. शेजाऱ्याचा तुकडा शेजाऱ्यानं घेतला की आधी बांध कोरतात, मग कुऱ्हाडी काढतात. तुमचं-आमचं बरं चाललंय."

विषय संपला.

पहिली गाडी पानशेतला बघितली. पुण्याच्या एका साहेबांचा धरणाकाठी बंगला होता, शनिवार-रविवारचा. गाडी चार सिलिंडरची, सुरू केली तशी कुत्री पळाली. पूर्वेला धरणाचं पाणी होतं. काका काठावर जाऊन पाण्याकडे बघत उभे राहिले. "जबाब मिळत न्हाई," म्हणाले. पश्चिमेला पिठलं-भाकरीचं हॉटेल होतं. हॉटेलवाला म्हणाला, "गाडी टेम्पोतनं येती, फोटो काढत्यात, टेम्पोतनं जाती." मी टायर बघितले. नक्षी नव्यासारखी आणि रबर लाकडासारखं. उभ्या-उभ्या म्हातारी झालेली गाडी होती.

"पडीक," काका म्हणाले. आम्ही पिठलं-भाकरी खाऊन परत आलो.

अशा बऱ्याच झाल्या. एकीच्या हँडलची टोकं घासलेली होती, तर दक्षिणेच्या आजी म्हणाल्या, "रोज फाटकातच पाडतोय मेला, उभ्यानं." एक अगदी चांगली होती, पण तिच्या उत्तरेचा शेजारी गावाला गेला होता. काकांनी मला त्याची वाट बघायला लावली. तो येईपर्यंत गाडी गेली. मी चिडले, तर काका म्हणाले, "एका लगतवाल्याविना मोजणी केली की अपील होतं."

आणि मग कापूरहोळची निळी गाडी.

हायवेवरून भोरचा रस्ता फुटतो तिथे एकाचं टायरचं दुकान होतं. त्याची गाडी. काकांच्या लालसारखीच दोन सिलिंडरची, पण रंग असा की मी रस्त्याच्या पलीकडूनच गप्प झाले. कंबर धरली म्हणून विकतोय, म्हणाला, आणि बोलताना गाडीकडे न बघता रस्त्याकडे बघत होता. मी सगळं तपासलं. ब्रेक-क्लचच्या दांड्यांची टोकं शाबूत, पुढच्या शॉकअपला तेलाचा ओघळ नाही, चेनच्या चक्राचे दात सारखे. काकांनी खिशातून ओळंबा काढून मागच्या सीटवरून सोडला, दोन्ही चाकांना दोरी लावली आणि डोळा बारीक करून बघितलं. गाडी रेषेत होती. एका बोटात सुरू झाली. मी भोरच्या रस्त्याला थोडी लांब नेऊन आणली, आणि परत आले तेव्हा माझ्या लेखी ती माझी झाली होती.

मग काका चतुःसीमेला निघाले.

पूर्वेचा चहावाला म्हणाला, "तेल लई पिते." दक्षिणेचा वेल्डिंगवाला म्हणाला, "सकाळची सुरू होत न्हाई," आणि म्हणता म्हणता आपल्या बाहीने तिची टाकी पुसत राहिला. पश्चिमेचा ढाबेवाला म्हणाला, घाटात तापते. उत्तरेला हायवे होता. काकांनी हायवे ओलांडून पलीकडच्या रसवंतीवाल्याला गाठलं. त्याने आम्हाला रस पाजला आणि म्हणाला, "ताई, तुमी दुसरी बघा. हिचं काय खरं न्हाई."

"चौघांचा जबाब एक," काका म्हणाले. "हद्द कायम."

"अहो काका, माझ्यासमोर एका बोटात सुरू झाली."

"ती तुमच्यासमोर झाली. हे रोज बघत्यात."

चौघं एकमुखाने सांगतात म्हटल्यावर माझीही छाती झाली नाही. पण जीव तिथेच राहिला. पुढे बरेच दिवस काका रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आले की मी पट्टी काउंटरवर ठेवून पाठ फिरवायचे. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. "अर्जदार, वेल्ह्याला एक हाय म्हणत्यात," म्हणायचे.

त्या पावसाळ्यात त्याच काउंटरवर मला दिसलं, की गोळ्यांची पट्टी उचलताना त्यांचा डावा हात थरथरतोय. आधी त्यांनी टोपी सारखी केल्याचं सोंग आणलं, मग उजव्या हाताने उचलायला लागले. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, नसांचं आहे, वाढत जाणार. क्लच डाव्या हाताचा. दाबला की सुटेना आणि सुटला की दाबवेना, असं झालं. घाटाच्या रस्त्यावर एकदा गाडी उतारावर बंद पडली आणि मागच्या एसटीने हॉर्नवर हॉर्न दिले. काका उतरले, गाडी कडेला लावली आणि एसटीला हात दाखवून पुढे जाऊ दिलं. त्यानंतर ते लाल गाडीवर बसले नाहीत.

रोज सकाळी मात्र ते ती सुरू करायचे. शेजारी उभे राहून, टोपी घालून, इंजिन गरम होईपर्यंत. मग बंद करून आत जायचे.

आणि मला नावाने हाक मारायला लागले. "अर्जदार" बंद झालं. तेव्हा मी खरी घाबरले.

काकांचा मुलगा पुण्याहून आला आणि म्हणाला, बाबा, ही दारात असली की एक दिवस तुम्ही बसणार आणि पडणार. विकून टाकू. तो काही चुकीचं बोलत नव्हता. काका हो म्हणाले. मी परत एकदा विचारून बघितलं. "लगतवाल्याला न्हाई," एवढंच म्हणाले, आणि तेही माझ्याकडे न बघता. मुलाने मोबाईलवर फोटो टाकले, आणि एका रविवारी पुण्याचाच एक तरुण गाडी बघायला आला. चांगला होता. नम्र, हेल्मेट आणलेलं, ट्रॅकवर जायची हौस. त्याच्यात खोट काढावी असं काही नव्हतं, याचाच मला राग आला.

काकांनी त्याला गाडी दाखवली नाही. अंगणात खुर्ची टाकून गाडीकडे पाठ करून बसले. "माझं ऐकू नका. म्या मालक हाय. चौघा लगतवाल्यांना इचारा, एकदिलानं चांगली म्हणाले तर घ्या."

तो तरुण सगळ्यात आधी माझ्या दुकानात आला. मी गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध देत होते. काय सांगायचं ते मी रात्रीच ठरवलं होतं. खरं सांगायचं. त्या गाडीचं ऑइल वेळेच्या आधी बदललं जातं, टायर नवे आहेत, आणि भोर तालुक्यात तिच्यासारखी गाडी नाही. तसं माझ्या जिभेवर आलंही होतं.

"कशी आहे हो गाडी?" त्याने विचारलं.

"तेल पिते," मी म्हणाले.

बाकीच्यांचं मला नंतर कळलं. दक्षिणेला निवृत्त हेडबाई राहतात. त्यांनी आयुष्यात सायकलसुद्धा चालवलेली नाही. त्या म्हणाल्या, "तेलाचा वास येतो बाळ, घरभर. सगळं तेल तीच पिते." पश्चिमेला वकीलसाहेब. त्यांनी त्या आवाजाबद्दल काकांना एकदा नोटीस काढली होती. ते म्हणाले, "तेलाचा विषय वादग्रस्त आहे. याहून जास्त मी बोलणार नाही." उत्तरेला दोन म्हशींचा गोठा आहे. गोठ्यातले दादा म्हणाले, "तेल तर पितीच, वर मागल्या पायात आधू हाय. उतारावर लंगडती."

तरुण परत आला आणि कसनुसं तोंड करून म्हणाला, "काका, ते सगळे म्हणतात..."

"एक जबाब आला?"

"हो. तेल पिते."

काकांनी एकदा मान वळवून गाडीकडे बघितलं. मग म्हणाले, "हद्द कायम. घेऊ नका." काकूंनी त्याला पोहे दिले आणि तो गेला.

तो वळणावरून दिसेनासा झाला तसे काका उठले. गाडीपाशी उकिडवे बसले, चष्मा वर केला आणि इंजिनच्या काचेतून तेल बघितलं. मी दुकानाच्या पायरीवर होते. दादा गोठ्याच्या दारात, हेडबाई खिडकीत, वकीलसाहेब उगाच पेपर हातात धरून फाटकाशी. काकांनी गाडी सरळ उभी करून परत बघितलं. त्या माणसाने जन्मभर लगतवाल्याचा शब्द मानला होता, आणि तेवढ्यापुरता त्याने आमचा शब्द मानून आपल्या गाडीवर संशय घेतला होता. मला तोंड लपवावंसं वाटलं.

"तेल भरपूर हाय," काका म्हणाले.

आतली म्हैस तेवढी ओरडली.

"मागल्या पायात कुठं आधू हाय?" त्यांनी दादांना विचारलं.

"काका, खरं सांगू का," दादा म्हणाले. "सकाळी तुमची गाडी गुरगुरली की थोरली म्हैस पान्हा सोडती. तुमी लग्नाला गेलता तवा वासरू लावून, पेंड टाकून बघितलं, न्हाई सोडला."

हेडबाई खिडकीतून म्हणाल्या, "मी थायरॉइडची गोळी त्याच आवाजाला घेते. घड्याळातलं मला दिसत नाही." वकीलसाहेब पेपरची घडी घालत म्हणाले, "मी नोटीस मागे घेतली होती. तोंडी."

मग काकांनी माझ्याकडे बघितलं.

"मला ती दारातून गेलेली बघवली नसती," मी म्हणाले. "आणि तुम्ही त्या जागेकडे बघत खुर्चीत बसलेले, तेही बघवलं नसतं. बास."

काका परत खुर्चीत बसले. टोपी काढली, मांडीवर ठेवली. त्यांचं डोकं मी पहिल्यांदा बघितलं, अगदी पांढरं होतं. मग ते स्वतःशीच म्हणाले, "म्हंजी लगतवाल्याचा हितसंबंध असतो."

आणि ताडकन मान वर केली.

"अर्जदार," ते म्हणाले, "कापूरहोळच्या त्या चौघांनी काय सांगितलं हुतं?"

माझ्या डोळ्यांसमोर वेल्डिंगवाल्याची बाही आली. टाकी पुसणारी.

काकांनी आत जाऊन लाल गाडीची चावी आणली आणि माझ्या हातात दिली. "इकणार न्हाई," ते म्हणाले. "लगतवाल्याला इकायची न्हाई म्हंजी न्हाई. वहिवाट देतो. मालकी माझी, वहिवाट तुमची. म्या मागं बसणार." पुण्याहून मुलाचा फोन आला तेव्हा त्याला फक्त "हरकती आल्या" एवढंच कळवलं आणि फोन काकूंकडे दिला. काकू म्हणाल्या, "ती चालवतीय आता. यांना मागं नुसतं धरून बसायचंय, क्लच दाबायला नको. बरंच झालं."

त्या गाडीची मागची सीट म्हणजे शिंक्यावर ठेवलेला पाट. काका त्यावर टोपी खिशात घालून, हेल्मेट घालून, माझ्या पाठीमागे वाकून बसले. वळण आलं की मागून उजवीकडे-डावीकडे हात दाखवत होते. मी घाईत सांगायचं विसरलेच, गाडी लोण्यासारखी होती.

कापूरहोळला निळी गाडी तिथेच होती, दुकानाच्या सावलीत, पुसलेली. आम्हाला बघून चहावाला, वेल्डिंगवाला आणि ढाबेवाला आपापल्या दारात आले. रसवंतीवाल्याने हायवेपलीकडून मान उंच केली. काका उतरले, टोपी घातली आणि चहावाल्यापाशी गेले.

"गेल्या टायमाला तेल पिते म्हणालात."

चहावाला जरा वेळ किटलीत बघत राहिला. "एक नंबर गाडी हाय," तो म्हणाला. "पण पहाटं त्यो ती सुरू करतो तवा आमी दुकानं उघडतो. गेली तर त्याचं काय राहील, सांगा की."

"इकली न्हाई मग?"

"कुठली. येईल त्येला आमी सांगतो ना."

तेवढ्यात टायरवाला कंबर धरून बाहेर आला. त्याने आपल्या गाडीचं काही काढलंच नाही. तो लाल गाडीभोवती एक फेरी मारून आला, उकिडवा बसला, चेन बघितली, टायरवर अंगठा दाबला, आणि माझ्याकडे नाही, काकांकडे बघून म्हणाला, "काका, लई जपलीय. माझा मेव्हणा शोधतोय अशीच. इकायची का?"

काकांनी हँडल धरून बसलेल्या माझ्याकडे बघितलं. मग टाकीकडे बघितलं. मग डोक्यावरची टोपी सारखी केली. माझ्या आठवणीत हा माणूस कधी खोटं बोललेला नव्हता.

"कशाला तिच्या नादाला लागता," ते म्हणाले. "लई तेल पिते."